दात बघायच्या आधी

दातवाले नाना बैलाचं तोंड उघडण्याआधी मालकाला विचारायचे, आणि मालकानं हो म्हटलं की मग बैलालाही विचारायचे. मालकाला नुसतं "बघू का?" आणि बैलाला "बघू का रं राजा?" एवढाच काय तो फरक. बैलाला विचारताना हाताची पालथी बाजू त्याच्या नाकपुडीपाशी धरायची. त्यानं हुंगून फुस्स केलं की झाली परवानगी. मग डाव्या हातात म्होरकी, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली, क्षणभर नजर, आणि ओठ सोडून दिला. काष्टीच्या बाजारात एकदा एका टग्यानं त्यांना डिवचलं, "नाना, बैल कधी न्हाई म्हनलाय का हो?" नाना म्हणाले, "म्हनतो की. अन् म्हनला की आयकायचं असतं. बोटं माझी असत्यात."

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ. दुधाचे पडून कायमचे दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. जुळल्यानंतर नुसत्या झिजेवरून वय ओळखायला नानांसारखा माणूस लागायचा. ही सगळी माहिती मला वयाच्या तिसाव्या वर्षी झाली. तोवर बैलाला माझ्यासारखेच वर-खाली पुढचे दात असतात असं मी धरून चाललो होतो, आणि या ज्ञानाच्या जोरावर नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून मी जनावरांच्या खरेदी-विक्रीचं मोबाइल अ‍ॅप बनवत होतो.

नाना माझ्या मामांच्या गावचे, काष्टीपासून कोसभर अंतरावरचे. मामाच्या गावात माणसाला स्वतःचं नाव नसतं, तो अख्ख्या गावाचा भाचा असतो. मी इंजिनियर झालो, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी नानांसाठी मी "भाच्या"च. ते दलाल नव्हते. कुणाची बाजू घेऊन बोलत नसत. घेणारा आणि देणारा दोघांचा सौदा जमत आला की कुणीतरी म्हणायचं, "नानाला बोलवा." नाना यायचे, बघायचे, चहा प्यायचे, जायचे. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. मुलानं करून दिलेली कवळी बंडीच्या खिशात असायची आणि फक्त लग्नात बाहेर यायची. त्यावर कुणी हसलं तर म्हणायचे, "मला कोन इकत घेतंय? माझं कशाला बघता?"

त्यांची दुसरी खोड म्हणजे वय कधी मोठ्यानं सांगायचं नाही. दोघांना जवळ बोलवायचे, दोन डोकी एकत्र आली की मध्ये तोंड घालून कुजबुजायचे. मला वाटायचं, म्हातारा उगाच भाव खातो. खरं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. सौदा मोडला तर त्या जनावराला पुढच्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं असतं. आधीच चार लोकांनी "जुळलाय, जुळलाय" केलेलं असलं तर मालकाचं बोलणंच खुंटतं. म्हणून घ्यायचं पक्कं झाल्याशिवाय दात बघायचे नाहीत. नुसता हौशी माणूस "नाना, ह्याचे दात किती वो?" म्हणाला की त्याला उत्तर ठरलेलं, "घ्यायचाय का? न्हाई? मग शिंगं बघ, डोळं बघ, अन् हो म्होरं. दात काय जत्रा हाय व्हय?"

आता माझ्याकडे वळतो. वळावंच लागेल, कारण या गोष्टीतला बैल मीच आहे.

अ‍ॅप पुण्याच्या एका कंपनीसाठी होतं. त्याचं नाव देत नाही. ते आता बंद पडलंय, आणि मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात. कल्पना अशी की शेतकऱ्यानं बैलाचा आणि दातांचा फोटो टाकायचा, आणि लांबच्या गिऱ्हाइकानं घरबसल्या बघायचं. कंपनीतल्या साहेबांचं म्हणणं, "सगळ्या परवानग्या सुरुवातीलाच मागून घ्या. लोक नवं काही उघडलं की भराभर हो-हो दाबत पुढे जातात. नंतर विचारलं तर विचार करायला लागतात." हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. आज आठवलं की ती वही खावीशी वाटते.

पहिला प्रयोग नानांवर केला. बाजाराच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीत त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं आणि म्हटलं, "उघडा नाना."

नानांनी उघडलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न आला: तुम्ही कुठे आहात हे कळू द्यायचं का? नानांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो कोन इचारतोय?"

"अ‍ॅप विचारतंय."

"मी तुझ्याफुडं बसलोय की. त्याला कशाला पायजे?" आणि नको दाबलं.

पुढचा प्रश्न कॅमेऱ्याचा. नको. मग माइकचा. "म्हंजी बोलल्यालं आयकनार?" नको. मग आला फोनमधल्या नंबरांचा प्रश्न. नानांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भाच्या, समज मी तुज्या दारात आलो. तू मला वळखत न्हाईस. अजून उंबऱ्याभाईर हाय. अन् मी म्हनलो, तुज्या समद्या पाव्हन्या-रावळ्यांची यादी आन बरं. काय करशील?"

"हाकलून देईन."

"मग?" त्यांनी नको दाबलं आणि फोन उपडा ठेवला. मी समजवायला लागलो की कॅमेरा नसेल तर दातांचा फोटो कसा काढणार. नाना म्हणाले, "फोटू काढायच्या टायमाला माग की. आत्ता हितं जनावर कुठं हाय? च्याचा गिलास हाय. ह्याचे दात बघतो?"

मी खो-खो हसलो. सोमवारी पुण्याच्या ऑफिसात नानांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. साहेबही हसले. कुणीही काही बदललं नाही.

मग बाजारात आमचा शुभारंभ झाला. कंपनीनं दिलेला पोपटी टी-शर्ट घालून, कापडी फलक बांधून मी उभा राहिलो. दुपारपर्यंत चाळीसेक जणांनी अ‍ॅप टाकून घेतलं आणि चाळीसेक जणांनी चारही प्रश्नांना नको म्हटलं. बाजारात आलेल्या माणसाला कुणी भाव विचारला तरी तो आधी नको म्हणतो, हे मला माहीत असायला हवं होतं. एकानं तर माइकचा प्रश्न वाचून फोन टॉवेलात गुंडाळला, बाजूला बैलाच्या पाठीवर ठेवला आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. त्यात आमचं अ‍ॅप दर वेळी उघडताना तेच चार प्रश्न विचारायचं, आणि मोबाइलची एक तऱ्हा अशी की एकाच गोष्टीला माणसानं दोनदा नको म्हटलं की तो पुन्हा त्याबद्दल विचारत नाही. मानी पाहुण्यासारखा गप्प बसतो. मग खरोखर बैल समोर आला, मालकानं हौसेनं फोटोचं बटण दाबलं, की पडदा काळा. "भाचं, हे काय वो?" मग मी शेणात उकिडवा बसून एकेकाच्या फोनची सेटिंग उघडणार, आत अजून आत जाणार, परवानगी चालू करणार, तोवर गिऱ्हाईक पुढच्या दावणीला.

शेवटी वैतागून मी स्वतःच्या फोनवर स्वतःच एका खिलारी खोंडाचा दातांचा फोटो काढायला गेलो. नानांनी शंभरदा केलेलं बघितलं होतं, त्यात काय अवघड? ओठाला हात लावला मात्र, पुढच्या क्षणी मी पाण्याच्या हौदात होतो. मालक म्हणाला, "इचारायचं तरी!" मला म्हणाला की खोंडाला, ते मी विचारलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. माझी खरी चूक यापुढची, आणि ती सांगताना मला गंमत सुचत नाही.

कंपनीला आकडे हवे होते. मी घायकुतीला आलो होतो. आणि बाजारात एकच माणूस असा होता, ज्यानं "बघू का?" म्हटलं की लोक विचार न करता हो म्हणायचे. मी नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मामांचं नाव काढलं, नोकरीचं रडगाणं गायलो, आईची तब्येतसुद्धा मध्ये आणली. नाना ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"कॅमेरा कळला मला. ठावठिकाना पन कळला, जवळचं गिऱ्हाईक दिसावं म्हनून. ती यादी कशाला लागती, तेवढं सांग."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाच माहीत नाही. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, मी बनवलं होतं. कशासाठी, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही नाना, नुसतं असावं म्हणून."

नानांनी उठून अंगणातल्या शेळीपुढे पाला टाकला. मग म्हणाले, "बरं."

ज्या गोष्टीचं कारण कळलं नाही तिला त्यांनी हो म्हटल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. केवळ मी भाचा म्हणून म्हटलं. पुढच्या बाजारादिवशी ते माझ्याबरोबर दावणी-दावणीनं हिंडले. "आपल्या भाच्याचं हाय. दाब व्हय." लोकांनी दाबलं. चारही ठिकाणी दाबलं. ज्यांच्या फोनवर प्रश्न पुन्हा येत नव्हता त्यांची सेटिंग मी उघडून दिली, नानांच्या फोनपासून सुरुवात करून. संध्याकाळी साहेबांचा मला फोन आला, "शाबास!" आणि मी गाडीवरून शीळ घालत नगरला आलो.

पंधरा दिवस गेले असतील. तालुक्यातल्या फोनांवर संदेश सुरू झाले. "तुमच्या ओळखीचे दातवाले नाना यांनी सुचवलेली पशुखाद्याची योजना." "दातवाले नाना म्हणतात, आजच विमा काढा." एक तर दातांच्या दवाखान्याचा होता: नानांच्या नावानं, मोकळेपणानं हसण्याचा सल्ला. लोकांनी तो नानांना दाखवला. नाना बिनदाताचे हसले, पहिल्या वेळी.

पण सोपानचं काय झालं ते ऐका. सोपान हा नानांच्या शेजारच्या वाडीचा. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यानं बैलजोडी काढायचं ठरवलं होतं, आणि हे थोरल्या भावाला कळू द्यायचं नव्हतं. जोडी वडिलांच्या हातची, भाऊ कधीच विकू देणार नाही हे त्याला पक्कं माहीत. व्यवहार झाला की मग सांगू, असा बेत. नानांकडून त्यानं आधीच शब्द घेतला होता, "गप ऱ्हावा नाना." नाना म्हणाले होते, "मी कवा बोललोय?" आणि नानांच्याच सांगण्यावरून सोपाननं अ‍ॅपला होकार दिला होता, बैलांचा फोटो टाकला होता. अ‍ॅपनं त्याच्या फोनमधली नावं चाळली आणि भावाला संदेश धाडला: "तुमचे परिचित सोपानराव यांनी बैलजोडी विक्रीस काढली आहे. दातवाले नाना यांच्या खात्रीसह."

भाऊ अंगणात येऊन काय बोलला ते सगळ्या वाडीनं ऐकलं. मुलगी म्हणे दाराआडून ऐकत होती, आणि आतूनच म्हणाली की मला नाही शिकायचं.

मी पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, "वापरणाऱ्यांनी परवानगी दिलेली आहे." मी म्हणालो, "त्यांना कळलं नव्हतं कशासाठी ते." "पण दिली ना?" "नानांचं नाव तरी काढा." "त्यासाठी तक्रार नोंदवा." मी तक्रार नोंदवली. माझ्याच अ‍ॅपची तक्रार करण्यासाठी तक्रारीच्या पानानं माझा ठावठिकाणा, कॅमेरा आणि नंबरांची यादी मागितली. मी फोन भिंतीवर मारणार होतो. हप्ता बाकी होता म्हणून उशीवर मारला. आठवड्यानं उत्तर आलं की यादी "भागीदार संस्थांना" आधीच गेलेली आहे. संस्था कोणत्या ते सांगता येत नाही. कारण, खासगी माहिती.

मी राजीनामा दिला. यात शौर्य काही नाही, दोन महिन्यांनी कंपनीच गुंडाळली. फक्त नावं आणि नंबर तेवढे फिरत राहिले.

राजीनाम्यानंतरच्या बाजाराला मी नानांकडेच गेलो होतो, माफी मागायला. ते सोपानच्या दावणीपाशी उभे होते. मुलगी काहीही म्हणो, सोपाननं जोडी आणलीच होती. भावाशी बोलणं तुटलं होतं, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. गिऱ्हाईक नेवाशाकडचं. सौदा जमत आला आणि ते गिऱ्हाईकच म्हणालं, "हितं कोन दातवाले हायेत म्हनं, त्यांना बोलवा." नाना दोन पावलं पुढे आले.

"बघू का?"

सोपान बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी चोळत राहिला. वर न बघता म्हणाला, "नको नाना. असू द्या."

नानांचा हात निम्म्यात आला होता, तो तिथंच थांबला. मग त्यांनी तो धोतराला पुसला, जणू काही लागलंच होतं. "बरं," म्हणाले आणि बाजूला झाले. पलीकडच्या दावणीवरही कुणीतरी दात बघत होतं. स्वतःच. तिथून कुणी हाक मारली नाही. तासभर आम्ही दोघं टपरीत बसलो. चहा तीनदा आला. नानांना बोलावणं आलं नाही.

"नाना," मी म्हणालो, "मला शिव्या तरी द्या."

"तुला कशाला?" नाना म्हणाले. "तू इचारलं हुतंस. मी व्हय म्हनलो."

एवढं बोलून त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर मी आज सुखात असतो.

त्यानंतर ते बाजाराला यायचे, पण लांब झाडाखाली बसायचे. मग यायचेही बंद झाले. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, अ‍ॅपच बनवतो, दुसरं येत नाही. तिथे प्रत्येक परवानगीवरून माझी भांडणं होतात. कशाला हवी, कोणत्या क्षणी मागणार, नको म्हटलं तर बाकीचं चालेल का, आणि हो म्हटलेलं परत घेता येईल का, हे चार प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो. पोरं मला माघारी "अडेलतट्टू" म्हणतात. परवा नव्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोक तसंही वाचत नाहीत हो." माझ्या डोळ्यांसमोर चष्मा पुसणारे नाना आले, आणि मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्या खोलीतला एसीवाला शिडीवरून खाली उतरला.

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. नाना ओसरीवर पडून होते, श्वास लागत होता. मला बघून उठायला गेले. मी बसवलं. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "भाच्या, माझं नाव काढलंस का त्यातनं?"

मी म्हणालो, "काढलं नाना."

"समदीकडनं?"

"सगळीकडून."

त्यांनी मान हलवली. "मंग सोपानला सांगून टाक तेवढं. त्याला वाटायला नको, मी अजून सांगत फिरतोय."

सोपानकडे मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? त्याच सकाळी माझ्या मामांच्या फोनवर नानांच्या नावानं ठिबकच्या पाइपांची जाहिरात आली होती.

नानांच्या दशक्रियेला नदीकाठी सगळा बाजार लोटला होता. मोठ्यांतलं कुणी घरी राहिलं नव्हतं. सोपानही आला होता. मला बघून तो गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागलो. त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. सकाळचाच संदेश होता. तुमच्या ओळखीचे दातवाले नाना यांनी तुमच्यासाठी खास निवडलेली कर्ज योजना, होय दाबा.

"ह्याला न्हाई म्हनायचं कुठं असतं, भाचं?" सोपाननं विचारलं. "म्या समदं दाबून बघितलं. एक नंबर बंद केला की दुसऱ्यावनं येतंय."

मी फोन हातात घेतला. सेटिंग उघडली, आत गेलो, अजून आत गेलो. उन्हात पडदा धड दिसत नव्हता. अ‍ॅप त्यानं कधीच काढून टाकलेलं होतं. बंद करायला तिथे काही शिल्लकच नव्हतं.

सोपान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "नानाला यका शब्दात नको म्हनलो," तो म्हणाला, "त्यांनी तितंच हात मागं घेतला बगा."

मी फोन त्याला परत दिला नाही. घाटावर पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघत होते, आणि मी तिथेच उभा राहून नाही म्हणायचं ते बटण शोधत होतो.